आमच्या घरचा वाटा

आमच्या गावात भातं झोडून झाली, पेंढा माळ्यावर चढला, की देवीला बोकड देतात. बोकड सगळ्या गावाचा, आणि मटणही सगळ्या घरांना सारखं. ज्याची दोन मजली इमारत त्याला जेवढं, तेवढंच एकट्या राहणाऱ्या म्हातारीला. सागाच्या पानात बांधून ते दारोदार पोचवतात. त्याला वाटा म्हणतात. ज्या घरात वाटा गेला ते घर गावातलं. ज्या घराने तो घेतला नाही, ते घर... हे वाक्य आता कोणी पुरं करत नाही. पूर्वी सरळ 'वाळीत टाकलं' म्हणायचे. मग कायदा आला, माणसं शहाणी झाली. शब्द तेवढा गेला, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं.

खालच्या बौद्धवाडीत वाटा जात नाही. छप्पन साली त्यांच्या आज्यांनी या सगळ्याला रामराम ठोकला, तो कायमचा. पण ती आख्खी वाडी आहे. त्यांचं विहार, त्यांची माणसं, एकाला बोललं तर सगळी उभी राहतात. आमचं घर एकटं, आणि तेही गावाच्या अगदी मधोमध, देवळापासून हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ.

मी ख्रिस्ती झाले त्याला बरीच वर्षं झाली. पळसदरीवरून कर्जतला शिवण शिकायला जात होते. शिकवणारी बाई नगरकडची, ख्रिस्ती. तिने मला कधी 'चल' म्हटलं नाही. मीच एकदा विचारलं, "बाई, रविवारी एवढ्या नटूनथटून जाता तरी कुठं?" मग गेले तिच्यामागून. गेले ती गेलेच. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. कर्जतच्या बाजारात भाजीवाल्या मला बघून आधीच भाव उतरवतात. नवरा, पोरं, परसातल्या कोंबड्या, सगळ्यांना मी सोलून काढायचे. प्रार्थनेला लागल्यावर राग गेला असं नाही, खोटं कशाला बोलू? पण रागावल्यावर मागून लाज वाटायला लागली. एवढा फरक पडला, आणि माझ्यासाठी तो फार होता. मी बाप्तिस्मा घेतला. पुढे आमच्या ह्यांची बाटली सुटली, मग त्यांनीही घेतला.

तेव्हा गाव काही बोललं नाही, कारण सासू होती. सासू देवीची, आम्ही प्रभूचे, आणि घरात दोन चुली. वाटा तिच्या नावाने यायचा, तिच्या चुलीवर शिजायचा, तीच खायची. गावाने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आम्ही किती आरामात होतो ते सासू गेली तेव्हा कळलं.

बोकडाच्या आधी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबा म्हणजे गावकीचे म्होरके. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. सासूला पनवेलच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा न मागता जीप पाठवली ती यांनीच. आवाज कधी चढवत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते. ओरडणाऱ्या माणसावर उलटं ओरडता येतं.

चहा पिऊन झाल्यावर कप पालथा घालत म्हणाले, "म्हातारी गेली. आता वाटा तुझ्या हातात येनार, सूनबाई."

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला ठाऊक हाय आमचं."

"हाय ना. तुजा देव तुज्या घरात. आमी कधी काय बोललो? पन वाटा देवाचा नाय, गावाचा हाय. खा, नको खाऊस, कुनी बघायला येत नाय. घ्यायचा तेवढा." मग उठताना सहज म्हणाले, "तुजा नवरा कसा हाय कंपनीत? पुतन्या सांगत होता, मानसं कमी करायचीत म्हनून."

आमचे हे कुंभिवलीजवळच्या कंपनीत आहेत, आणि तिथला ठेका आबांच्या पुतण्याचा. ते गेले तरी मी ओट्यावरच उभी. समोरच्या घरातली बाई माझ्याकडे बघून हसली आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या दार कशाला लावायचं?

वाटा घेऊन आली माझी शेजारीण. तिला मुद्दाम पाठवली असणार. आम्ही दोघी एकाच मोसमात लग्न होऊन या गावात आलो. ती घाटावरची, मी खालापूरची. गावच्या बायका दोघींनाही हसायच्या, तिला बोलण्यावरून आणि मला तिखट तोंडावरून. माझा थोरला पोटात असताना मी तापाने फणफणले होते. तेव्हा माझं घर, माझी गुरं, माझी सासू, सगळं तिने ओढलं. आजही कालवणाला चिंच कमी पडली की कुंपणावरून हात येतो तो तिचाच.

तिच्या हातात ते पान होतं. बांधलेलं, खालून ओलं. ती दारात उभी राहिली आणि मी उंबऱ्याच्या आत.

"घे गं," ती म्हणाली.

"नाय घेत."

"अगं बाई, तुला खा कोन सांगतंय? घे नि मागच्या दारी कुत्र्याला टाक. मी पन बघनार नाय."

"मग न घेतलेलं काय वाईट?"

"तुला माहीत हाय काय वाईट ते." तिचे डोळे भरले. "पोरीची सुपारी फुटलीय माझ्या, आबांच्याच भावकीत. उद्या तुझ्याशी बोलायचं नाय म्हटलं तर मी काय करू? माझ्याकडे बघून घे. तुझा देव काय एवढा कोता हाय का?"

खरं सांगू? त्या घडीला मला घ्यावंसं वाटलं. भीतीने नाही, तिच्या तोंडाकडे बघून. एक पान, दोन बोटांनी धरायचं, संपलं. मटण ते मटण, देवीने त्यात काही कालवलेलं नाही हे मलाही कळतं. पण ते पान घेणं म्हणजे 'मी तुमच्यातलीच, देवीच्या पदरातली' असं गावापुढे सांगणं, हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आबांना तर सगळ्यात जास्त कळत होतं. मी हात मागे बांधले. लहान पोर बांधतं तसे.

"मेले, तू लई हट्टी हायस," असं म्हणून ती पान घेऊन गेली.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. वाटे वाटून झाले की दिवेलागणीला देवळात घराघराचं नाव पुकारतात. "वाटा पोचला?" त्या घरच्याने म्हणायचं, "पोचला." एवढंच. पण म्हणायचं सगळ्यांसमोर, आणि आता तर भोंग्यावर. आमचे हे कामावर. मी मशीनवर एका ब्लाउजच्या बाह्या जोडत होते आणि भोंग्यातून एकेक घर जवळ येत होतं. पाय पायट्यावरच थबकला. आमचं नाव आलं. "वाटा पोचला?"

भोंग्यात नुसती खरखर. मी मनात म्हटलं, झालं, आता कळलं गावाला. मग तिचा आवाज आला, माझ्या शेजारणीचा, "पोचला. मी दिलाय हातात."

आणि आबांनी पुढच्या घराचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव माझ्याशी गोड. ते गोड वागणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. टेंपोवाला हात न करता थांबला. दार लावून घेणारी समोरची बाई फॉल लावायला साड्या घेऊन आली. आबांच्या सुनेने दुधाची बरणी पाठवली. पुतण्याने ह्यांना सांगितलं, तुमचं काम पक्कं. ज्याच्या-त्याच्या नजरेत एकच, 'आलीस ना शेवटी.' देवळासमोरून जाताना एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "घरी आली बाय माझी." मला ओरडावंसं वाटलं आणि तोंडाला कुलूप.

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे भात कालवला. "आपन खाल्लं? नाय. आपन खोटं बोललो? नाय. मग कशाला उगाच खाजवून खरूज काढतेस?"

"ती आपल्या नावानं बोलली."

"बोलली ती बोलली. तू गप रहा. एकदा तरी गप रहा गं माझे आई!"

रविवारी कर्जतला प्रार्थनेला गेले. तिथे सगळ्यांना माहीत होतं की आमच्या गावात बोकड झालाय. पास्टर म्हणाले, "ताई, उठा, साक्ष द्या. प्रभूने तुम्हाला कसं उभं ठेवलं ते सांगा." सगळी माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. मी घसा बसल्याचं निमित्त केलं. माझा घसा, जो गावच्या भोंग्याला हरवेल, तो बसला!

तरी मी गप्पच राहिले असते कदाचित. आमच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे. तिथली एक तरणी सून माझ्याकडे शिवायला टाकायच्या निमित्ताने यायची आणि माझ्याजवळ बसून प्रार्थना शिकायची. घरचे तिला त्यासाठी बोलायचे, एकदा दिराने हातही उचलला होता. तरी यायची. ती आली, पण उंबऱ्यावरच बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मावशी, तुमी वाटा घेतला ना. आमच्या वाडीत पन सांगितलं सगल्यांनी."

मी मशीनवरून उठले.

"मंग मी कशाला मार खाल्ला?" असं म्हणाली. भांडून नाही, खरंच विचारत होती. मग शिवून ठेवलेलं कापड घेऊन चालती झाली. मी मशीनवर डोकं टेकून रडले. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. आबांचा, ह्यांचा, शेजारणीचा, आणि थोडा देवाचासुद्धा.

आधी शेजारणीकडे गेले. ती परसात भांडी घासत होती. मी म्हटलं, "काय केलंस त्या वाट्याचं?"

ती थांबली नाही, घासतच राहिली. "पुरला."

"काय?"

"आळवाच्या खाली पुरला. घरी खाल्ला असता तर नवऱ्यानं विचारलं असतं, जास्त कसा. कुत्र्याला घालायला हात झाला नाय. देवीचं हाय ते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, झोप नसल्यासारखा. "देवीचा वाटा मातीत घातला मी. देवळात, तिच्यासमोर खोटं बोलले. माझी देवी सोडेल का मला? पोरीच्या लग्नात काय झालं तर? हे सगळं तुझ्यापायी केलं गं. तू फक्त गप बस. एवढंच मागते."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मी देवाला खरी राहावी म्हणून ती आपल्या देवीला खोटी पडली होती. आबांचं मी ऐकलं नसतं, नवऱ्याचं ऐकलं नसतं. पण हिला नाही म्हणताना काळीज पिळवटलं.

"ठाकरवाडीतली पोर गेली," मी म्हटलं. "मी वाटा घेतला म्हणून गेली. मला सांगावं लागणार. तुझं नाव मी घेणार नाय."

"नाव घ्यायला लागतंय कुठं?" ती म्हणाली. "सगळ्या गावाने भोंग्यावर माझा आवाज ऐकलाय."

ते मला सुचलंच नव्हतं. मी तशीच घरी आले. ह्यांना सांगितलं की मी बोलणार. ते जेवण टाकून उठून गेले.

देवळाला रंग लावायचा म्हणून गावाची बैठक होती, सकाळची. पुरुष सभामंडपात, बायका खांबाच्या पलीकडे. मी मंडपाच्या पायरीशी उभी राहिले, वर चढले नाही. कर्जतच्या बाजारात कुणालाही ऐकवणारी मी, आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना.

"आबा, माझ्या घरी वाटा पोचला नाय. मी घेतला नाय. मी प्रभू येशूची हाय, नि सासू नसताना माझ्या घरात देवीचा वाटा येनार नाय. गावाशी माझं भांडन नाय. बोकडाची वर्गनी सोडून गावाच्या कुठल्याबी कामाला हाक मारा, मी येईन."

कुणीतरी खोकलं. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही, खांबापलीकडे बायकांत बघितलं.

"मग भोंग्यावर कोन खोटं बोललं?" त्यांनी हळू विचारलं.

शेजारीण उठली. मला वाटलं, ती आता सांगेल. काय सांगेल ते मला माहीत नव्हतं, पण ती माझी होती, एवढं माहीत होतं.

"मी खोटं कशाला बोलू आबा?" ती म्हणाली. "मी हिच्या हातात दिलाय. हिनं घेतला, आत नेला. आता कोनी कान भरले म्हनून पलटली."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. एक पोरगा हसला. मला बोलता आलं असतं. आळवाखाली उकरा म्हटलं असतं की झालं, एका वाक्यात ती मेली असती आणि तिच्या पोरीचं लग्नही. जिभेवर आलं होतं ते. राग तर असा उफाळला की दातांवर दात दाबून धरले. मला खरं सांगायचं होतं ते मी सांगितलं होतं, आणि ते माझ्यापुरतं होतं. तिचं तिने सांगायचं होतं. मी खोटी ठरले, तिथेच, सगळ्यांसमोर, आणि खोटी ठरूनच उभी राहिले.

आबांना सगळं कळलं असावं. ते दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग हसले.

"आमी कोनाला काय करत नाय, सूनबाई. कायदा हाय. ज्याची-त्याची मर्जी." आणि शेजारणीला म्हणाले, "तुज्या अंगनातून पान्याची लाइन जाते ना हिच्या घरात? जागा तुजी, लाइन तुज्या जागेतून. ठेवायची का नाय, तुजी मर्जी. आमी काय सांगत नाय."

ती मान खाली घालून उभी. सगळे फक्त तिच्याकडे बघत होते, आणि तिला काय करायचं ते कळलं.

मी घरी आले आणि पहिल्यांदा मागच्या दारच्या नळाखाली बादली लावली. पाणी येत होतं. कुंपणापलीकडे ती आली. गल्लीच्या तोंडाला आबांची दोन माणसं तंबाखू मळत उभी होती, सहज उभी असल्यासारखी. तिने कोपऱ्यातली फरशी उचलली. खाली लाइनची गंजकी चावी आहे, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. ती गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी चावी पिळायला लागली. फिरेना. पदर गुंडाळून पुन्हा जोर लावला. चावी करकरली आणि माझ्या बादलीत धार एकदम जोरात आली. तिने घाबरून नळाकडे पाहिलं, पुन्हा तशीच पिळली, धार आणखी वाढली. गल्लीतली माणसं मळायची थांबली.

"उजवीकडं फिरव गं," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं नाही. उजवीकडे फिरवली. धार बारीक झाली, थेंब पडत राहिले, मग तेही थांबले. तिने फरशी जागेवर ठेवली, हात पुसले आणि घरात गेली.